बरोबरमामा जेवायला गेले

सलूनवाल्या मामांना सगळी गल्ली बरोबरमामा म्हणायची, आणि त्यात कुणाचा आगाऊपणा नव्हता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, मान मागं टाकली आणि म्हणालं की हे सरकार चोर आहे, की मामा म्हणणार, "अगदी बरोबर." त्याच्या मागोमाग दुसरा बसला आणि म्हणाला की असं सरकार पुन्हा होणे नाही, तरी मामा म्हणणार, "अगदी बरोबर." लोक हसायचे. पण यामागं धंद्याची शिस्त होती. मामांच्या वडिलांनी त्यांना वस्तरा धरायला शिकवलं तेव्हाच बजावून ठेवलं होतं की समोरच्याचा गळा आपल्या हाताखाली आहे तोवर वाद घालायचा नाही. आपला हात हलला नाही तरी वाद घालताना गिऱ्हाइकाची मान हलते, आणि मग रक्त निघतं ते निघतंच, वर नाव आपलं खराब होतं.

हे पाळता पाळता मामांचं असं झालं की वस्तरा खाली ठेवला तरी जीभ काही वळेना. भाजीवाल्यानं किडकी वांगी गळ्यात मारली तरी बरोबर, घरात मामी करवादल्या तरी बरोबर. मामी वैतागून म्हणायच्या, उद्या यांना कुणी सांगितलं की तुम्ही मेलात, तर हे म्हणतील बरोबर, आणि आडवे होतील.

तर अशा माणसाला मालकांनी जेवायला बोलावलं.

मालक म्हणजे इमारतीचे मालक. इमारत तरी केवढी, खाली दुकानांचे गाळे आणि वर एक मजला. बाकीचे गाळे कधीच बंद पडले होते, मामांचं सलून तेवढं चालू होतं. वरच्या मजल्यावर मालक एकटे राहायचे. बायको गेली, मुलगा दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. दर शनिवारी सकाळी मालक कठड्याला धरून जिना उतरायचे आणि दाढी करून घ्यायचे. दाढी झाली तरी जायचे मात्र नाहीत. बाकावर पेपर घेऊन दुपारपर्यंत बसायचे आणि येईल त्याच्या डोक्याबद्दल मत द्यायचे. याचे कानावरचे कमी करा, त्याला भांग उजवीकडं शोभत नाही. गिऱ्हाइकं मनात चरफडायची, पण मालकांना कोण बोलणार? मामा आपले बरोबर म्हणायचे आणि गिऱ्हाइकाला हवं तसंच कापायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग एक दिवस दोन माणसं फीत घेऊन आली. मालकांच्या मुलानं पाठवलंय म्हणाली, गाळा मोजायचाय. कशाला, ते मामांनी विचारलं नाही. उलट फितीचं दुसरं टोक मामांनीच धरून ठेवलं, अजून जरा मागं या, बरोबर, असं म्हणत. माणसं गेली आणि मग मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. इमारत विकायची असणार. त्या रात्री ते जेवले नाहीत. या वयात दुसरीकडं गाळा कोण देणार, आणि दिलाच कुणी तरी तिथं आपलं डोकं घेऊन येणार कोण? गल्लीतली माणसं गल्लीतच दाढी करतात. दुकान गेलं म्हणजे मामा गेले, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आणि त्यासाठी त्यांनी काय केलं होतं, तर फीत धरून दिली होती! मामींनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, उद्या फाशी द्यायला आले तर दोरही तुम्हीच ताणून धरा.

पुढं महिनाभर काही घडलं नाही. मालक शनिवारी यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, पण त्या मोजणीबद्दल चकार शब्द नाही. आणि मग एका शनिवारी, गालावर साबणाचा फेस असताना, ते आरशातल्या मामांना म्हणाले, की तुमच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी माझ्याबरोबर जेवायला चला. बाहेर. त्यांनी हॉटेलाचं नाव घेतलं. मोठ्या रस्त्यावरच्या काळ्या काचांच्या त्या हॉटेलासमोरून मामा जाताना नेहमी पलीकडच्या बाजूनं जायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मामांचा वस्तरा हवेतच राहिला. मला कशाला, असं त्यांना विचारायचं होतं. तोंडातून निघालं ते, "बरोबर."

मामींना काहीच कोडं पडलं नाही. जागा सोडा म्हणून सांगायला बोलावलंय, त्या म्हणाल्या, आधी खाऊ घालायचं आणि मग केसानं गळा कापायचा. मामा म्हणाले, ते काम तर आमचं. मामी हसल्या नाहीत. त्यांनी मामांना समोर बसवलं आणि लहान मुलाला पढवावं तसं पढवलं. काही म्हणाले तरी बरोबर म्हणायचं नाही. विचार करून सांगतो, एवढंच म्हणायचं. मामांनी ते तीनदा म्हणून दाखवलं. मग मामींनी विचारलं, लक्षात राहील ना? मामा म्हणाले, बरोबर.

ठरल्या दिवशी मामा भाच्याच्या लग्नातला शर्ट घालून निघाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. हॉटेलाच्या दारात सोनेरी बटणांचा एक धिप्पाड माणूस उभा होता. मामांनी त्याला हॉटेलाचा मालकच समजून लवून नमस्कार केला. त्यानं घाबरून दुप्पट लवून केला आणि दार उघडलं. आत काळोख. भर दुपारी मेणबत्त्या लावलेल्या. दिवे गेलेत की काय, असं मामांना वाटलं, पण वरून थंडगार वारा तर येत होता. म्हणजे वीज होती आणि तरी मेणबत्त्या होत्या. मामांना याचा अर्थ लागेना.

मालक आधीच येऊन बसले होते. कोट घातलेला. मामांना त्यांची डोक्यामागची बाजू दिसली आणि जरा हायसं वाटलं, कारण ती त्यांच्या नेहमीच्या ओळखीची होती. पण जवळ गेल्यावर नवीनच पंचाईत. काळं जाकीट घातलेल्या वेटरनं मामांसाठी खुर्ची मागं ओढली. उभ्या जन्मात मामांना कुणी खुर्ची ओढून दिली नव्हती, त्यांनीच हजारोंना दिली होती. त्यांना वाटलं, वेटरलाच बसायचंय. ते अदबीनं बाजूला सरले. वेटर थांबला, मामाही थांबले. शेवटी मालक म्हणाले, बसा हो, तुमचीच आहे, तेव्हा मामा बसले. बसता बसता त्यांनी सवयीप्रमाणं खालचा दांडा चाचपला, खुर्ची वर-खाली होते का बघायला. होत नव्हती.

मालकांनी बसल्या बसल्या मुद्द्यालाच हात घातला. म्हणाले, "आधी शांतपणे जेवू. बोलायचं ते जेवणानंतर." म्हणजे बोलायचं होतंच. मामींचं म्हणणं खरं होतं.

आता ऐका, खरी गंमत पुढंच आहे. मामांसमोर पांढरा शुभ्र कपडा होता, टोकदार घडी घालून उभा केलेला. असा कपडा आणि समोर बसलेला माणूस, हे दोन्ही एकदम दिसल्यावर मामांच्या हातांनी त्यांना विचारलंच नाही. कपडा फट्‌कन झटकला गेला, मामा उठले, टेबलाला वळसा घातला आणि तो मालकांच्या गळ्याभोवती गुंडाळून मागं खोचूनसुद्धा टाकला. यातही मामांपेक्षा मालकांची कमाल. त्यांनी निमूटपणे हनुवटी वर केली. दोघांचा खेळ नेहमीचाच होता ना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा घास हातात राहिला. मामा भानावर आले आणि त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ते कपडा काढायला गेले, तर मालक म्हणाले, राहू दे, बरं वाटतंय. आणि तसेच बसून राहिले.

मग कार्ड आलं. मामांच्या कार्डावर पदार्थांची लांबलचक नावं होती, पण कुठंच किंमत नव्हती. मालकांच्या कार्डावर असावी, कारण ते डोळे बारीक करून उजवीकडची बाजू वाचत होते. आपलं कार्ड छापताना चुकलंय, हे कुणाला सांगावं की नाही, याचा मामांनी बराच विचार केला. सांगितलं तर छापणाऱ्याची नोकरी जायची. त्यांनी कार्ड मिटलं आणि मालक घेतील तेच मला, असं सांगून टाकलं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला जेवण म्हणावं की नाही, हे मामांना शेवटपर्यंत कळलं नाही. आधी एवढी मोठी पांढरी बशी आली आणि तिच्या मध्यावर अंगठ्याएवढं काहीतरी. हे शेफकडून, असं वेटर म्हणाला. मामांना वाटलं आचाऱ्यानं चव बघायला पाठवलंय. त्यांनी खाल्लं आणि आचाऱ्याला निरोप दिला, मीठ बरोबर आहे. मग वाडग्यात हिरवं सूप आलं, तेही तळाशी. मग बटाट्याच्या पातळ चकत्यांवर फेस आला. हो, फेस! मामा त्या फेसाकडं बघतच राहिले. त्यांच्या हिशोबानं फेस ही गालावर लावायची गोष्ट होती. मालकांनी तो चमच्यानं खाल्ला तेव्हा मामांनीही डोळे मिटून खाल्ला. लिंबासारखा लागला.

पण खाण्याकडं त्यांचं लक्ष होतं कुठं? ते वाट बघत होते. आता बोलतील, मग बोलतील. मालक बोलत होतेही, पण भलतंच. जिन्याचा कठडा हलतोय म्हणाले, पेपरात हल्ली काही नसतं म्हणाले. बोलता बोलता मध्येच तोंड उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. आणि मामांना त्यांच्याकडं बघता येईना. इतक्या वर्षांत दोघं बोलले ते आरशात बघून. मामा मागं उभे, मालक पुढं बसलेले, आणि गप्पा दोन प्रतिबिंबांच्या. इथं मध्ये आरसा नव्हता. सरळ माणूसच समोर होता, आणि तो घाबरलेला दिसत होता. हे काय? घाबरायचं आपण, आणि हे कशाला घाबरलेत?

मग लहानशा काचेच्या पेल्यात गोड, गार बर्फाचा गोळा आला.

गोड आलं म्हणजे जेवण संपलं. पोटात काही पडलं नव्हतं, पण ते जाऊ द्या, मोठ्या लोकांचं जेवण एवढंच असेल. आता बोलायची वेळ आली. मालकांनी चमचा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. मामांना त्यांची दया आली. खरंच आली. इतका भला माणूस, त्याला आपल्यापायी एवढा त्रास. गिऱ्हाइकाला अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नाही, मान कुठं वळवायची ते त्यानं विचारायच्या आत आपणच हलक्या हातानं वळवून द्यायची, हा मामांचा जन्माचा धर्म. मामींनी पढवलेलं विचार करून सांगतो हे वाक्य घशाशी आलं होतं. पण ते म्हणायला आधी समोरच्यानं काहीतरी विचारायला हवं ना?

"मालक, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," मामा म्हणाले. "तुम्हाला सांगायला जड जातंय, मला कळतंय. जागा मी रिकामी करून देतो. महिनाअखेरीला."

बोलून झाल्यावर मामांना क्षणभर फार हलकं वाटलं, आणि लगेच आपण काय करून बसलो ते कळलं. दुकान गेलं. कुणी मागितलंही नव्हतं, आणि आपण देऊन मोकळे झालो. आता मालक निदान धन्यवाद तरी देतील, सुटल्यासारखे दिसतील, म्हणून त्यांनी वर पाहिलं. मालकांचा चेहरा साफ उतरला होता.

नेमके तेव्हाच दोन वेटर दोन बाजूंनी आले, त्यांनी दोघांसमोर चकचकीत झाकणं घातलेल्या थाळ्या ठेवल्या आणि एकाच वेळी झाकणं उचलली. आत कोंबडीचा भला मोठा तुकडा, भाजलेली गाजरं, रस्सा. मामा म्हणाले, हे दुसऱ्या टेबलाचं असेल, आमचं झालंय. वेटर नम्रपणे म्हणाला, नाही सर, मुख्य जेवण आता सुरू होतंय. मग ते गोड? ते तोंड साफ करायला, सर.

मामांनी कपाळाला हात लावला. म्हणजे जेवण संपलं नव्हतं. मालकांची बोलायची वेळ आलीच नव्हती. एका बर्फाच्या गोळ्यापायी त्यांनी दुकान घालवलं होतं.

वेटर गेले. मालक थाळीकडं बघत म्हणाले, "मला वाटलं होतं, तुम्ही भांडाल."

"मी?"

"भांडायला हवं होतंत हो. माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती."

आणि मग मालकांनी जे सांगितलं, ते मामांना दोनदा विचारून घ्यावं लागलं. हे हॉटेल मालकांच्या मुलानं ठरवलं होतं, टेबलही त्यानंच राखून ठेवलं होतं. मामांना चांगल्या ठिकाणी न्या, खाऊ घाला आणि मग जागेचं सांगा, असं तो म्हणाला होता. इमारत विकून बापाला आपल्याकडं न्यायचं, हे त्यानं केव्हाच ठरवलं होतं. कित्येक दिवस तो मागं लागला होता, आणि मालक प्रत्येक वेळी एकच सांगत आले होते, की माझं काही नाही रे, मी आज निघेन, पण खालचे मामा जागा सोडत नाहीत.

"मी सोडत नाही?" मामांनी विचारलं.

"तुम्ही फार चिवट आहात," मालक खाली मान घालून म्हणाले. "कोर्टात जायची धमकी दिलीत मला. दोनदा. मागं एकदा तर वस्तरा दाखवलात."

मामांच्या तोंडातून बरोबर निघता निघता राहिलं.

तिकडं मुलाचा विश्वासही बसला होता. पण फीतवाली माणसं परत गेली आणि म्हणाली, छे, तो सलूनवाला तर देवमाणूस आहे, फीतसुद्धा त्यानंच धरली. तेव्हा मुलाला वाटलं, बाबाच नीट बोलत नसतील, म्हणून मामा बिथरत असतील. बापाला म्हणाला, तुम्हाला बोलता येत नसेल, तर मी सांगतो कसं बोलायचं ते. आणि आज हे जेवण. मालक आले होते ते या आशेनं, की जागा जातेय म्हटल्यावर गरीब गायसुद्धा शिंगं उगारते, मामा निदान आज तरी चिडतील, मग आपल्याला मुलाला खरं काहीतरी सांगता येईल.

मुलगा वाईट होता का? मुळीच नाही. सून लाघवी, घर मोठं, मालकांसाठी वेगळी खोली तयार. मालक म्हणाले, सगळं आहे हो तिथं. पण सकाळी उठून मी जायचं कुठं? खाली उतरलो तर कुणाच्या डोक्याबद्दल बोलू? मामांना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. बाप पोराला नाही म्हणतो तेव्हा कारण द्यावं लागतं, मालक म्हणाले, आणि मला यायचं नाही हे काही कारण धरत नाहीत.

मामांच्या डोक्याचा पार भुगा झाला. आपण ज्याला भीत होतो तो आपल्याच आडोशाला उभा होता, आणि आपण तो आडोसाच काढून घेतला? जागा जाऊ नये असं दोघांनाही वाटत होतं, आणि दोघांनी मिळून ती जवळजवळ घालवली होती. मग भांडण नक्की होतं तरी कुणाशी?

टेबलावरचा मालकांचा फोन थरथरायला लागला. मालकांनी नाव वाचलं आणि फोनला हात न लावता तो हळूच मामांकडं सरकवला. डोळ्यांनी एवढंच म्हणाले, तुम्हीच बघा.

मामांनी फोन कानाला लावला. मुलगा मोठ्या अदबीनं बोलत होता, बहुधा वस्तऱ्याची आठवण असावी. जेवण आवडलं का मामा? मामा म्हणाले, हो. मग तो मुद्द्यावर आला. बाबांचं वय झालं. बरोबर, मामा म्हणाले. जिना उतरताना पाय घसरला तर बघायला कुणी नाही. बरोबर. मला इकडं रात्र रात्र झोप लागत नाही, मामा. आवाज खरा होता, आणि मामांनी मनापासून म्हटलं, बरोबर आहे तुमचं. सगळंच बरोबर होतं, त्यातलं एक वाक्यही खोडून काढण्याजोगं नव्हतं. मग मुलगा सुस्कारा टाकून म्हणाला, म्हणजे ठरलं तर, तुम्ही जागा सोडताय.

मामांनी समोर पाहिलं. मालक टेबलावरच्या कापडाची सुरकुती बोटानं सपाट करत होते. ती सपाट झालेली होती, तरी करत होते.

"नाही," मामा म्हणाले.

ते इतकं बारीक आलं की मुलानं विचारलं, काय? मामांनी घसा खाकरला. "नाही सोडत."

"अहो, आत्ता तर बरोबर म्हणत होतात."

"ते बरोबरच आहे. पण जागा मी सोडत नाही."

मग मुलाचा तोल सुटला. फोनमधून आवाज इतका मोठा यायला लागला की शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. आमच्या जागेत जन्म काढलात, तो म्हणत होता, कधी भाडं वाढवलं नाही, कधी वाकडा शब्द बोललो नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला एकटं गाठून वस्तरा दाखवता? लाज नाही वाटत तुम्हाला? मामांचे कान तापले. आयुष्यात त्यांना कुणी असं बोललं नव्हतं. मी असलं काही केलं नाही, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर ते सुटले असते. पण मग समोर बसलेला माणूस खोटा पडला असता, आणि तोही त्याच्या पोटच्या पोरासमोर. मामांनी फोन वस्तऱ्यासारखा घट्ट धरला.

"दाखवला," मामा म्हणाले. "दाखवला वस्तरा. पुन्हा दाखवीन."

सगळं हॉटेल त्यांच्याकडं बघत होतं. कोपऱ्यातला वेटर दोन पावलं मागं सरकला. मालक मात्र उठून उभे राहिले, गळ्याभोवती कपडा तसाच, आणि त्यांनी मामांच्या हातातून फोन काढून घेतला.

"मामांना एक शब्द बोलू नकोस," ते म्हणाले. "त्यांनी कधी काही दाखवलं नाही. खोटं मी बोलत होतो. मलाच यायचं नाहीये तिकडं. कळलं का? मला. मामांना नाही."

एवढं बोलून ते बसले, बसले म्हणजे खुर्चीत कोसळलेच. फोन कानाला तसाच होता. मामांना पलीकडचं काही ऐकू येईना. मालक नुसते हं म्हणत होते. बऱ्याच वेळानं पुन्हा हं. मग म्हणाले, अरे तू जागेचं विचारत होतास, माझं कुठं विचारलंस? मग कितीतरी वेळानं म्हणाले, कठडा उद्याच दुरुस्त करून घेतो. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते राग येऊन की कशानं, हे मामांना ओळखता येईना. दुकान राहिलं की गेलं, हेही कळेना. विचारायचा धीर होईना. त्यांनी उगीच काटा उचलला आणि परत ठेवला. शेवटी मालकांनी फोन बंद केला आणि उपडा ठेवला.

"काय म्हणाले?" मामांनी विचारलं.

"काही नाही," मालक म्हणाले. "जेवलात का, म्हणून विचारलं."

"मग?"

"म्हटलं, बसतोय आता."